घरी पिस्तुलाची काडतुसे रीलोड करताना एकसारखेपणा कसा तपासावा

रीलोडिंग, म्हणजे वापरलेल्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) नवा प्रायमर (ठोका बसताच पेटणारी बुडाची टोपी), पावडर आणि गोळी भरून काडतूस पुन्हा तयार करणे, शिकू लागलो तेव्हा तयार झालेले प्रत्येक काडतूस मी वजनकाट्यावर ठेवत असे आणि वजने जुळली की काम चोख झाले असे समजत असे. ही पद्धत चुकीची आहे हे कळायला मला बरेच महिने लागले. ९ मिलिमीटरच्या काडतुसात पावडर अवघी काही ग्रेन (वजनाचे एक लहान एकक) असते, तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांच्या वजनातला फरकच कित्येकदा तेवढा भरतो. त्यात गोळीच्या वजनातला फरक मिसळला की पावडर मुळीच न पडलेले काडतूस आणि व्यवस्थित भरलेले काडतूस काट्यावर सारखेच दिसू शकतात. तयार काडतुसाच्या वजनावरून आतले काहीही खात्रीने सांगता येत नाही, आणि नवशिका माणूस नेमका त्याच आकड्यावर विसंबतो.

एकसारखेपणा तपासताना दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे शोधायची असतात. काडतुसे एकमेकांशी किती जुळतात, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर थोडे नमुने नीट मोजून मिळते. या ढिगात एखादे घातक काडतूस तर नाही ना, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर नमुन्यांवरून कधीच मिळत नाही, त्यासाठी प्रत्येक काडतूस डोळ्यांखालून घालावे लागते. सरासरी उत्तम असलेल्या शंभर काडतुसांतले एकच दुप्पट पावडरीचे निघाले तर नळी फुटते आणि हात जायबंदी होतो. पुढच्या प्रत्येक पायरीत कोणती तपासणी नमुन्यांवर करायची आणि कोणती सगळ्यांची करायची, हे मी स्पष्ट सांगितले आहे.

या लेखात पावडरीची मात्रा कुठेही दिलेली नाही. ती फक्त पावडर किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या छापील पुस्तिकेतून घ्यावी आणि तिथे दिलेल्या सुरुवातीच्या मात्रेपासूनच आरंभ करावा. ओळखीच्या नेमबाजाने तोंडी सांगितलेला आकडा, मग तो माणूस कितीही अनुभवी असो, वापरू नये.

१. आधी कायदा, कागदपत्रे आणि साधने

काडतुसे भरणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दारूगोळा तयार करणे. काही देशांत शस्त्र परवानाधारकाला ते मोकळेपणाने करता येते, काही ठिकाणी त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, तर काही ठिकाणी घरी असे काम करणे हा गंभीर गुन्हा आहे. आपण राहतो तिथला नियम लेखी स्वरूपात पाहिल्याशिवाय एकही साधन विकत घेऊ नये. पावडर आणि प्रायमर किती साठवता येतात, याचेही नियम बहुधा वेगळे असतात.

जवळ असावीत अशी कागदपत्रे: शस्त्राचा आणि लागत असल्यास रीलोडिंगचा परवाना, रीलोडिंगची चालू आवृत्तीची पुस्तिका, पिस्तुलाची माहितीपुस्तिका (रीलोड केलेली काडतुसे वापरल्यास हमी रद्द होते असे अनेक उत्पादक त्यात लिहितात) आणि पाने बांधलेली एक नोंदवही.

प्रेस (काडतूस भरण्याचे हँडलचे यंत्र) आणि त्यात बसणारे डाय (पुंगळीला आकार देणारे व गोळी बसवणारे साचे) यांशिवाय साधनांमध्ये ०.०१ मिलिमीटरपर्यंत वाचन देणारा कॅलिपर, ०.१ ग्रेनपर्यंत वाचन देणारा वजनकाटा, प्रमाणित वजनांचा संच, पुंगळ्या उभ्या ठेवण्याची भोके असलेली फळी, चांगला टॉर्च, आपल्या कॅलिबरचा केस गेज (तयार काडतूस योग्य मापाचे आहे का हे दाखवणारा साचा), गोळी उपसून काढण्याचा हातोडा आणि पुढे जमल्यास क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) एवढे पुरते. डोळ्यांना चष्मा असावा, खोलीत हवा खेळती असावी. शिशामुळे काम करताना खाणेपिणे कटाक्षाने टाळावे आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

२. मोजण्याआधी मोजणारे साधन तपासा

बहुतेक नवशिके ही पायरी गाळतात आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. कॅलिपरचे जबडे पुसून, बंद करून शून्य पाहावे. मग एकच काडतूस दर वेळी थोडे फिरवून दहा वेळा मोजावे आणि दहाही वाचने लिहून काढावीत. माझ्या हातून पहिल्यांदा हे केले तेव्हा एकाच काडतुसाच्या लांबीत ०.०३ मिलिमीटरचा फरक आला. काडतूस तेच होते, बदलत होता तो माझा हात. तोवर तेवढ्याच फरकासाठी मी डायची खिटी वारंवार फिरवत होतो आणि त्यामुळे चांगली बसलेली मांडणी स्वतःच बिघडवत होतो. आपल्या मोजणीत किती चूक आहे हे कळले, की त्याहून लहान फरकाच्या मागे लागू नये.

इलेक्ट्रॉनिक काटा काम सुरू करण्यापूर्वी अर्धा तास चालू ठेवावा. पंखा बंद करावा, मोबाइल दूर ठेवावा, टेबल हलत नाही ना हे पाहावे. प्रमाणित वजन आपल्या मात्रेच्या जवळपासचे निवडावे, कारण ५०० ग्रेनला अचूक असलेला काटा पाच ग्रेनला अचूक असेलच असे नाही. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६४.८ मिलिग्रॅम, आणि त्याचा दहावा भाग मोजायचा म्हणजे फुंकरीनेही बिघडणारे काम आहे. ०.१ ग्रेनची चूक गृहीत असलेल्या काट्यावर दोन वाचनांत ०.२ ग्रेनचा फरक आला, तर तो पावडरीतला असेल किंवा काट्यातला, हे एका वाचनावरून ठरत नाही. दर वीस-पंचवीस मापांनंतर प्रमाणित वजन पुन्हा ठेवून काटा सरकला नाही ना, हे पाहत राहावे.

काट्यावरचे एकक दर वेळी वाचावे. काही काट्यांवर एका बटणाने ग्रेनचे ग्रॅम होतात आणि एक ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. इथली गफलत अक्षम्य असते.

३. पुंगळ्यांची वर्गवारी

पुंगळीच्या बुडावर उत्पादकाची खूण असते. त्या खुणेप्रमाणे ढीग वेगळे करावेत. भिंतींची जाडी कंपनीगणिक बदलते, त्यामुळे आतली जागा बदलते आणि पावडर तेवढीच असूनही दाब व वेग बदलतो. सरावासाठी मिश्र पुंगळ्या चालतात. परंतु काही मोजून निष्कर्ष काढायचा असेल तर एकाच खुणेच्या पुंगळ्या घ्याव्यात, अन्यथा आलेला फरक पावडरीचा की पुंगळीचा हे सांगता येणार नाही.

प्रत्येक पुंगळी टॉर्चच्या उजेडात आतून-बाहेरून पाहावी. भेग, फुगवटा, तोंडाशी चीर दिसली की ती टाकून द्यावी. ९ मिलिमीटरच्या काही पुंगळ्यांना आतल्या बाजूला पायरीसारखा कंगोरा असतो. त्यांत जागा कमी असल्याने मी त्या वापरत नाही. .४५ एसीपीमध्ये (पिस्तुलाच्या आणखी एका काडतुसात) लहान आणि मोठ्या अशा दोन्ही मापांच्या प्रायमरच्या पुंगळ्या मिळतात, त्या एकत्र आल्या तर प्रेस अडतो किंवा प्रायमर चेंगरतो.

लांबी नमुन्यांवर मोजली तरी भागते. ९ मिलिमीटर लुगरच्या पुंगळीची कमाल लांबी १९.१५ मिलिमीटर आहे आणि वापरलेल्या पुंगळ्या बहुधा त्याहून आखूडच निघतात, म्हणून या कॅलिबरमध्ये कापाकापी सहसा करावी लागत नाही. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांचे तोंड गोळीवरच्या खाचेत वळवून बसवले जाते, तिथे मात्र लांब पुंगळीला जास्त आणि आखूड पुंगळीला कमी वळण मिळते. म्हणून तिथे सगळ्या पुंगळ्या एका लांबीच्या करून घेणे फायद्याचे ठरते.

४. प्रायमर: प्रत्येक काडतूस

बसवलेला प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित खोल असावा, साधारण ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर. हे प्रत्येक वेळी मोजण्याची गरज नाही. बोटाचे टोक बुडावरून फिरवले की उंच राहिलेला प्रायमर लगेच जाणवतो, आणि काडतूस सपाट काचेवर उभे केले तर ते डुलते. उंच प्रायमर पहिल्या ठोक्याला पेटत नाही, कारण तो ठोका त्याला आत बसवण्यातच खर्च होतो. क्वचित स्लाइड (पिस्तुलाचा पुढे-मागे सरकणारा वरचा भाग) बंद होतानाच तो पेटण्याचाही धोका असतो. भरलेल्या काडतुसातला उंच प्रायमर प्रेसवर पुन्हा दाबण्याचा मोह टाळावा. ते काडतूस बाजूला काढून उपसावे.

५. पावडर: नमुने मोजा आणि प्रत्येक पुंगळीत डोकवा

पावडरीचे माप टाकणारे यंत्र वजनावर चालत नाही, ते आकारमानावर चालते. यंत्रावरच्या नळकांड्यात पावडर किती आहे, ती किती दबली आहे, हँडल किती जोराने मारले, या सगळ्याचा मापावर परिणाम होतो. बारीक गोल दाण्यांची पावडर पाण्यासारखी वाहते आणि माप एकसारखे पडते. मोठ्या चपट्या कणांची पावडर मापाच्या कडेवर कापली जाते आणि फरक वाढतो. नळकांडे भरल्यावर पहिली दहा-पंधरा मापे परत नळकांड्यात ओतावीत, म्हणजे पावडर स्थिरावते. नळकांडे एक तृतीयांशाच्या खाली जाऊ देऊ नये.

मांडणी झाली की दोन प्रकारे तपासावे. आधी दहा मापे एकाच भांड्यात घेऊन वजन करावे आणि दहाने भागावे. काट्याची चूक दहात वाटली गेल्यामुळे सरासरी चांगली कळते. परंतु इथे थांबू नये. एक माप ०.३ ग्रेनने जड आणि दुसरे तितकेच हलके पडले तरी दहांची बेरीज बरोबरच दिसेल. म्हणून पुढची दहा मापे एकेक करून तोलावीत आणि सगळ्यांत जड व सगळ्यांत हलके यांतला फरक लिहावा. पिस्तुलाच्या मात्रेत प्रत्येक माप ठरलेल्या आकड्याच्या ०.१ ग्रेन अलीकडे-पलीकडे राहिले तर मी पुढे जातो. सर्वांत जड मापसुद्धा पुस्तिकेतल्या कमाल मात्रेच्या आत राहिलेच पाहिजे. मात्रा कमाल मर्यादेच्या काठावर ठेवून सरासरीवर विसंबणे हा शुद्ध अविचार आहे.

आता नमुन्यांवर न भागणारी तपासणी. ९ मिलिमीटरच्या पुंगळीत अनेक जलद पावडरींची दुप्पट मात्रा न सांडता मावते, त्यामुळे चूक आपोआप उघडी पडत नाही. सिंगल स्टेज (एका वेळी एकच काम करणाऱ्या) प्रेसवर काम करत असाल तर पन्नास पुंगळ्यांची फळी भरून झाल्यावर, एकही गोळी बसवण्याआधी, टॉर्च तिरका धरून ओळीने पाहावे. करड्या पावडरीची पातळी प्रत्येक पुंगळीत सारख्या उंचीवर चमकते आणि नजर दोन-तीन ओळींतच तिला सरावते. एका संध्याकाळी चौथ्या ओळीतली एक पुंगळी मला काळी दिसली. आत वाकून पाहिले तर तळाशी प्रायमरचे छिद्र स्पष्ट दिसत होते. फोन वाजला तेव्हा माझा हात त्याच ओळीवर होता. त्या दिवसापासून काम सुरू असताना फोन खोलीबाहेर असतो, आणि कोणत्याही कारणाने हात थांबला तर भरण्याच्या टप्प्यावरच्या पुंगळ्या रिकाम्या करून पुन्हा भरायच्या, हा नियम मी मोडत नाही.

प्रोग्रेसिव्ह (हँडलच्या प्रत्येक खेपेला अनेक कामे एकदम करणाऱ्या) प्रेसवर गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावता येईल अशा ठिकाणी दिवा आणि आपली बैठक असावी. पावडरीची पातळी तपासून प्रेस अडवणारा डाय मिळतो, तो जरूर घ्यावा, मात्र तो डोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. टेबलावर एका वेळी पावडरीचा एकच डबा ठेवावा. काम संपल्यावर उरलेली पावडर त्याच डब्यात परत जावी; नळकांड्यात रात्रभर राहिलेली, नाव नसलेली पावडर दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाही.

पावडर न पडलेले काडतूस निरुपद्रवी असते असे समजू नये. एकट्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत जाऊन अडकते आणि मागून सुटलेली पुढची गोळी तिच्यावर आदळून नळी फुगते किंवा फुटते. बार दबका वाजला, धक्का कमी बसला किंवा स्लाइड नीट मागे आली नाही, तर तत्क्षणी थांबावे, पिस्तूल रिकामे करावे आणि नळी आरपार मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत पुढे जाऊ नये.

६. एकूण लांबी

९ मिलिमीटर लुगरच्या काडतुसाची कमाल एकूण लांबी २९.६९ मिलिमीटर आहे, .४५ एसीपीची ३२.३९. ही वरची मर्यादा झाली. आपल्या गोळीसाठी पुस्तिकेने दिलेली लांबी पाळावी, कारण गोळी आणखी खोल बसली की आतली जागा घटते आणि दाब झपाट्याने चढतो.

लांबीतले चढउतार पाहून पुष्कळजण घाबरतात. गोळी बसवणारा दांडा गोळीच्या टोकाला नव्हे, तिच्या खांद्याच्या वळणाला टेकतो, आणि आपण मात्र टोकापासून मोजतो. पोकळ टोकाच्या किंवा शिशाच्या गोळ्यांची टोके मुळातच उन्नीस-बीस असतात, म्हणून काडतुसाची लांबीही तशी येते. शंका आली तर दहा सुट्या गोळ्या मोजाव्यात. त्यांच्यातच तेवढा फरक दिसला तर प्रेसला दोष देऊ नये. आणखी एक फसगत प्रोग्रेसिव्ह प्रेसवर होते. एकच पुंगळी घालून डाय बसवला आणि नंतर सगळी स्थाने भरली, की तबकडीवरचा भार बदलतो आणि लांबी सरकते. मांडणी नेहमी सगळी स्थाने भरलेली असतानाच पक्की करावी. पहिली पाच आणि त्यानंतर दर विसावे काडतूस मोजावे. कमाल व किमान लांबीत ०.१ मिलिमीटरपर्यंतचा फरक पिस्तुलासाठी मी मान्य करतो.

७. क्रिम्प आणि गोळीची पकड

९ मिलिमीटर किंवा .४५ एसीपीचे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसण्याच्या जागेत) पुंगळीच्या तोंडावर टेकते. म्हणून इथला क्रिम्प म्हणजे गोळी बसवण्यासाठी फाकवलेले तोंड पुन्हा सरळ करणे, त्यापलीकडे काही नाही. ९ मिलिमीटरमध्ये तोंडाचा बाहेरचा व्यास ९.६५ मिलिमीटरच्या वर जाऊ नये. गोळी सैल वाटते म्हणून क्रिम्प आवळत नेणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्याने गोळीवरचा मुलामा कापला जातो आणि पितळ मागे उसळल्यामुळे पकड उलट कमी होते. पकड येते ती पुंगळीच्या भिंतीच्या ताणामुळे, म्हणजे योग्य साइझिंगमुळे (पुंगळी दाबून मूळ मापात आणण्यामुळे) आणि तोंड गरजेपुरतेच फाकवल्यामुळे.

पकड तपासण्यासाठी काडतुसाची लांबी मोजावी, गोळीचे टोक टेबलाच्या लाकडी कडेवर टेकवून अंगठ्याने भक्कम दाबावे आणि पुन्हा मोजावे. मोजणीच्या चुकीहून जास्त लांबी घटली तर ती मांडणी नाकारावी. प्रत्येक नव्या गोळीसाठी किंवा पुंगळीच्या खुणेसाठी पाच काडतुसांवर ही चाचणी करावी. मॅगझिनमधून चेंबरमध्ये भरून, न उडवता काढून पुन्हा मोजणे ही अधिक खरी चाचणी आहे; परंतु ती फक्त रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला धरूनच करावी, घरी कदापि नाही.

८. चेंबरमध्ये बसते का: प्रत्येक काडतूस

पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून नळी बाहेर काढावी. नळीचे तोंड खाली धरून चेंबरमध्ये काडतूस सोडावे. ते टण् आवाज करत तळाला टेकले पाहिजे, बोटाने सहज गोल फिरले पाहिजे आणि नळी उलटी करताच आपल्या वजनाने बाहेर पडले पाहिजे. आवाज बद्द आला तर बहुधा तोंड पुरते सरळ झालेले नसते. बसते पण फिरत नाही, तेव्हा गोळी नळीच्या खाचांना टेकलेली असते. मांडणी ठरवताना नळी वापरावी आणि नंतरची सगळी काडतुसे केस गेजमधून काढावीत.

९. क्रोनोग्राफवर वेग

इथवर आपण कारणे तपासली, वेग हा त्यांचा परिणाम आहे. क्रोनोग्राफ प्रकाशावर चालणारा असेल तर नळीच्या तोंडापासून सुमारे ३ मीटरवर ठेवावा, म्हणजे धुराच्या झोताने खोटे वाचन येत नाही. प्रत्येक बाराचा (उडवलेल्या गोळीचा) वेग लिहावा आणि सरासरी, कमाल-किमान फरक व प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती पसरले आहेत हे सांगणारा आकडा) काढावे.

पाच बारांवरून निष्कर्ष काढणे हा इथला मोठा सापळा. पाच बारांवरून आलेले प्रमाण विचलन १० असेल, तर संख्याशास्त्राच्या हिशेबाने ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की खरा आकडा ६ ते २९ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. दहा बार उडवले तर हा पट्टा सुमारे ७ ते १८ वर येतो, तीस उडवले तर ८ ते १३ वर. म्हणजे पाच-पाच बारांच्या दोन गटांत एकाचे विचलन ८ आणि दुसऱ्याचे १४ आले, तर पहिली मात्रा सरस आहे असे म्हणायला काहीही आधार नाही. मी दहाच्या खाली कधी मोजत नाही, आणि दोन मात्रांची तुलना करायची असेल तर तीस. कमाल-किमान फरक बारांच्या संख्येबरोबर वाढतच जातो, म्हणून दहांचा फरक तीसांच्या फरकाशी ताडून पाहू नये.

हे विचलन किती कमी हवे? सेकंदाला ३२० मीटर वेगाची गोळी २५ मीटरवर पोचेपर्यंत सुमारे ३० मिलिमीटर खाली येते. वेग १० मीटरने घटला तर ती आणखी जेमतेम २ मिलिमीटर खाली जाते. केवळ या हिशेबाने पाहिले तर पिस्तुलाच्या अंतरावर वेगातला थोडा फरक लक्ष्यावर दिसतच नाही. विचलन अचानक वाढले तर पावडरीचे माप, पकड किंवा मिश्र पुंगळ्या यांकडे बोट दाखवणारी खूण म्हणून त्याचा उपयोग करावा. स्पर्धेत उतरणाऱ्यांना मात्र सरासरीकडे नीट लक्ष द्यावे लागते. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमांनुसार गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले फूट प्रतिसेकंद वेग, भागिले १०००, हा अंक किमान १२५ भरावा लागतो. १२४ ग्रेनची गोळी १०५० फूट वेगाने गेली तर तो १३०.२ येतो आणि थंड हवेत वेग घटला तरी थोडी जागा उरते.

.३८ स्पेशलसारखी रिव्हॉल्व्हरची पुंगळी काळ्या दारूच्या काळातली असल्याने आत प्रशस्त आहे, आणि आधुनिक पावडर तिच्यात तळाशी लोळते. ती प्रायमरकडे सरकलेली आहे की गोळीकडे, यावर वेग बदलतो. अशा काडतुसांत एकसारखेपणा हवा असेल तर पुस्तिकेतून जास्त जागा व्यापणारी पावडर निवडावी, आणि वेग मोजताना प्रत्येक बाराआधी पिस्तूल एकाच पद्धतीने उचलावे.

१०. नोंद आणि नाकारलेली काडतुसे

प्रत्येक गटाच्या डब्यावर तारीख, पुंगळीची खूण, प्रायमर, पावडरीचे नाव, तिचा लॉट क्रमांक व मात्रा, गोळीचे वजन आणि एकूण लांबी एवढे लिहावे, तेच नोंदवहीत सविस्तर असावे. पावडरीचा लॉट बदलला की नाव तेच असले तरी मात्रा थोडी खाली आणून पाचव्या पायरीपासून पुन्हा तपासणी करावी.

चिठ्ठी नसलेला किंवा मनात शंका असलेला गट उडवून पाहू नये. हातोड्याने गोळ्या उपसाव्यात, पुंगळ्या आणि गोळ्या पुन्हा कामी येतात. उपसताना निघालेली पावडर मूळ डब्यात ओतू नये, कारण ती कोणत्या काडतुसातून आली हे आता कुणालाही सांगता येत नाही. ती वेगळी ठेवून पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या सूचनेप्रमाणे नष्ट करावी.